व्यंकटी : एका शब्दाचं निरूपण

(शताब्दी सप्ताहात संध्याकाळच्या प्रवचनात जे बोललो, ते मंडळींच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहितानाही बोलल्यासारखंच होतं, ते गोड मानून घ्यावं.)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी मला म्हणाली, बुवा, दिंडीचा इतिहास दुसरे सांगणार आहेत, तुम्ही एखादा विषय घ्या. मी लई विचार केला. मोठा विषय मला पेलत नाही. म्हणून एकच शब्द घेतला. तो शब्द तुम्ही सगळे रोज म्हणता. पारायण संपलं की म्हणता, कीर्तन संपलं की म्हणता, लेकरं शाळेत प्रार्थनेला म्हणतात. तो शब्द म्हणजे 'व्यंकटी'. माउलींच्या पसायदानातला.

आता खरं सांगा, या शब्दाचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? लाजू नका. मलाही कितीतरी वर्षं ठाऊक नव्हता. आपल्या मराठवाड्यात व्यंकटी हे माणसाचं नाव असतं. चौथीत आमच्या वर्गात या नावाचा एक पोरगा होता. प्रार्थनेत तो शब्द आला की आम्ही त्याला कोपरानं ढोसायचो. मला वाटायचं, माउलींनी देवाला विनंती केलीय की हा कुठंतरी पडू दे! पुढं कळलं की माणसाचं ते नाव व्यंकटेशावरून, म्हणजे गिरीच्या बालाजीवरून आलेलं, आणि पसायदानातला शब्द वेगळा.

तरुणपणी मी चातुर्मासात चार महिने आळंदीला राहिलो. तिथं एक शास्त्रीबुवा होते. मी त्यांना विचारलं, महाराज, व्यंकटी म्हणजे काय? ते म्हणाले, व्यंकट म्हणजे वाकडं. संस्कृतात वक्र म्हणतात. त्याचं प्राकृतात वंक झालं. त्याच घराण्यातून आपल्या बोलीत वाकडा, वाकणं, वांक हे शब्द आले. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. पण लाकडाचा वाकडेपणा नव्हे, मनाचा. जाणूनबुजून दुसऱ्याचं वाईट करायची जी बुद्धी, ती व्यंकटी.

मी म्हटलं, म्हणजे राग? शास्त्रीबुवा हसले. म्हणाले, राग वेगळा. तू शेतकरी आहेस ना, तुझ्याच भाषेत शोध, सापडेल.

मी शोधत राहिलो. लिहिणं-वाचणं बेताचं, पण बोलणं तर रोजचं आहे. एक दिवस औत हाकताना ध्यानात आलं. बघा, आपण काय म्हणतो? राग 'येतो'. म्हणजे पाहुण्यासारखा, न बोलावता येतो. हेवा 'वाटतो'. भूक लागते, तहान लागते, तसं ते आपसूक होतं. पण डूख? डूख 'धरतात'. आकस 'धरतात'. खोडी 'काढतात'. दावा 'साधतात'. काड्या 'घालतात'. इथं आपोआप काही होत नाही मायबाप. इथं माणूस हातानं करतो. धरावं लागतं, काढावं लागतं, साधावं लागतं. आपल्या आज्या-पणज्यांनी शब्दांचं पुस्तक लिहिलं नाही, पण बोलता बोलता निवाडा करून ठेवला. राग येतो त्यात तुझा दोष थोडा. डूख धरलास, तो दोष पुरता तुझा.

डूख हा शब्द आपण सापासाठी वापरतो. नाग डूख धरतो, बारा वर्षांनी येऊन चावतो असं म्हातारी माणसं सांगायची. सापाची माहिती असणारे लोक सांगतात की सापाला असं कुणाचं तोंड लक्षात राहत नाही. त्याच्या अंगावर पाय पडला तर तो चावतो, नाहीतर आपल्या वाटेनं निघून जातो. म्हणजे डूख धरणारा जीव साप नव्हताच. आपण आपली खोड त्या बिचाऱ्याच्या नावावर मांडली.

आणि दावा बघा. दावा हा शब्द मूळचा अरबी. अर्थ हक्क सांगणं, फिर्याद करणं. कोर्टात दावा टाकतात तो हाच. पण आपल्या बोलीत दावा म्हणजे वैर असाही अर्थ झाला. का झाला? ते भावकीला विचारा! पहिला दावा कोर्टात टाकला जातो, बांधाचा नाहीतर वाटेचा. कोर्टातला दावा कधीतरी निकाली निघतो. मनातला निघत नाही.

आता पसायदानात हा वाकडेपणा कुणाचा सांगितलाय? खळांचा. खळ म्हणजे दुष्ट माणूस. शास्त्रीबुवांनी मला सांगितलं होतं की संस्कृतात खल या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. एक अर्थ खळं, जिथं आपण रास करतो ते. दुसरा अर्थ तेल काढल्यावर खाली राहतो तो गाळ, चोथा. आपण जिला पेंड म्हणतो ती. आणि तिसरा अर्थ दुष्ट. हे अर्थ एकमेकांना कसे लागले ते व्याकरणवाल्यांनी बघावं. पण मी शेतकरी, मला त्यात उपदेश दिसला, तो सांगतो.

करडई घाण्यात घातली. तेल निघालं, पेंड राहिली. संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेह म्हणतात. मग खळ कोण? ज्याच्यातला स्नेह पिळून निघून गेला आणि कोरडा चोथा राहिला, तो खळ. जन्मताना तो चोथा नव्हता. तोही करडईचा भरलेला दाणाच होता. कुणीतरी पिळला, नाहीतर त्यानं स्वतःला पिळून घेतलं.

पण पेंड आपण टाकून देतो का? नाही देत. म्हशीला घालतो. म्हैस दूध देते, दुधाचं दही होतं, दही घुसळलं की लोणी येतं. निघून गेलेला स्नेह परत आला की नाही? म्हणून माउलींनी खळ मरो असं मागितलं नाही, खळ गावातून जावो असंही मागितलं नाही. त्याच्या अंगचा वाकडेपणा तेवढा सांडून जावो, आणि पुढं त्याला चांगल्या कामाची गोडी लागो, असं मागितलं. माणूस राहू द्या, वाकडेपणा जाऊ द्या.

'सांडणं' हा शब्द ध्यानात ठेवा. जे धरलेलं असतं तेच सांडतं. आत्ताच म्हटलं ना, डूख धरतात. धरलंय म्हणून सांडता येतं. अंगाचा रंग सांडता येत नाही, उंची सांडता येत नाही. व्यंकटी जन्माची असती तर माउलींनी ती सांडायची प्रार्थनाच केली नसती.

भर्तृहरी नावाचा थोर कवी होऊन गेला. त्याच्या नीतिशतकात माणसांच्या जाती सांगितल्यात. वामनपंडितांनी ते शतक मराठीतही आणलंय. एक माणूस स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करतो, तो सत्पुरुष. दुसरा आपलं सांभाळून दुसऱ्याचं भलं करतो, तो सामान्य. तिसरा आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याचं नुकसान करतो, तो माणसातला राक्षस. आणि चौथा? ज्याला काहीच मिळत नाही तरी जो दुसऱ्याचं बुडवतो. त्याला काय म्हणावं ते आम्हाला ठाऊक नाही, असं म्हणून भर्तृहरी थांबला. एवढा मोठा पंडित, पण त्याला नाव सापडलं नाही.

आपल्या खेड्यातल्या माणसाला ते सापडलं होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, असं आपण म्हणतो. नाक गेलं तरी चालेल, पण समोरच्याचं काम बिघडलं पाहिजे. चोराला पैसा तरी मिळतो. या माणसाला काय मिळतं?

मायबाप, इथपर्यंत मी दुसऱ्यांचं सांगितलं. आता माझं सांगतो. ज्याच्या संबंधानं सांगायचंय तो माझा चुलतभाऊ आत्ता इथंच वीणा घेऊन उभा आहे. बोलायच्या आधी मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, "सांगा दादा, पण माझंबी सांगा. एकट्याचं सांगू नका."

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची विहीर सामाईक, आजोबाच्या हातची. विहीर एक, मोटारी दोन. चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. त्या साली त्याच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आली. माझ्या हातात पत्रिका पडली आणि मी पहिल्यांदा काय बघितलं? नवरदेवाचं गाव बघितलं नाही, मुहूर्त बघितला नाही. माझं नाव कुठंय ते बघितलं. नाव होतं. पण नावामागं 'ह.भ.प.' नव्हतं. तीन अक्षरं.

हसता ना? हसा. मी त्या दिवशी हसलो नाही. मला वाटलं, यानं मुद्दाम केलं. आख्ख्या तालुक्यात मी कीर्तनाला जातो, लोक बुवा म्हणतात, आणि घरचा माणूस मला नुसता नावानं छापतो? राग आला. तो पाहुणा होता, दोन दिवसांनी गेला असता. मी त्याला जाऊ दिलं नाही. बसवून घेतला, चहा पाजला, पाय धुवायला पाणी दिलं. रागाचा डूख कधी झाला ते कळलंसुद्धा नाही. लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, आणि मनात गाठ मारून परत आलो.

माघ महिना आला. त्याचा गहू चांगला साधला होता. ओंब्या बाहेर पडून दाणा चिकात आलेला. शेतकरी ओळखतात, दाणा चिकात असताना पाणी चुकलं की गहू चिमतो. त्याची पाळी लागायच्या आदल्या दिवशी अंधार पडल्यावर मी विहिरीवर गेलो. त्याच्या मोटारीची पेटी उघडी असायची. आत चिनीमातीची तीन किटकॅट. त्यातलं एक मी काढलं आणि बंडीच्या खिशात घातलं.

कुणी बघितलं नाही. मला त्याचं पाणी चोरायचं नव्हतं, माझ्या पिकाला पाणी होतं. किटकॅट विकायचं नव्हतं, माझ्याकडे माझी तीन होती. मला काहीच मिळणार नव्हतं. भर्तृहरीला ज्याचं नाव सापडलं नाही तो माणूस त्या रात्री आमच्या विहिरीवर उभा होता.

आणि पुढं ऐका. तेव्हा गावात महाशिवरात्रीचा सप्ताह चालू होता. त्याच रात्री माझी कीर्तनसेवा होती. घाईत घरी आलो, बंडीवर सदरा चढवला, फेटा बांधला आणि तसाच नारदाच्या गादीवर उभा राहिलो. बोलता बोलता पसायदानावर आलो. खळ कसे असतात, वाकडेपणा कसा असतो, ते लोकांना हात वर करून समजावलं. लोक डोलत होते. हात वर केला की खिशातलं किटकॅट बरगडीला लागायचं.

कीर्तन संपलं. आपल्या संप्रदायाची रीत आहे, लहान-मोठा न बघता एकमेकांच्या पाया पडायचं. चुलतभाऊ आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. मीही वाकलो. त्याच्या पायाला हात लावला, पण त्याच्या डोळ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं होतं, उद्या तो तालुक्याला जाऊन नवीन किटकॅट आणील. फार तर एक रात्र वाया जाईल, जरा धडा मिळेल. पण त्यानं आणलं नाही. रात्रीची लाईट यायची, मी माझ्या खळ्यावर पडून ऐकायचो. मोटारीचा आवाज नाही. दुसरी रात्र, आवाज नाही. चार दिवसांची त्याची पाळी कोरडी गेली. माझी पाळी लागली, माझी मोटार चालली, माझ्या वावरात पाणी फिरलं. त्याच्या गव्हाची पात बांधावरून पिवळी दिसायला लागली. किटकॅट माझ्या कोनाड्यात होतं. नेऊन लावायला पाच मिनिटं लागली असती. पण नेलं तर आपणच काढलं हे कळेल ना? मायबाप, डूख धरायला एक रात्र पुरली, आणि सोडायला चार वर्षं लागली.

गहू निघाला तो चिमलेला. पाडव्याला भावजयीनं पोळ्या केल्या. दरसालच्या रिवाजाप्रमाणं आमच्या घरी ताट पाठवलं. वर झाकलेला रुमाल मी काढला. पुरणाच्या पोळ्या काठाला फाटलेल्या. ताट घेऊन आलेली धाकटी पुतणी म्हणाली, "मोठे बाबा, आईनं सांगितलंय, औंदा गहूच असा निघाला, गोड मानून घ्या." मी ती पोळी खाल्ली. कशी खाल्ली ते पांडुरंगालाच ठाऊक.

त्यानंतर चार आषाढ्या मी त्याच्या शेजारून चाललो. एकाच ओळीत, एकाच दिंडीत. टाळ त्याच्या टाळाबरोबर वाजायचा. बोलणं कामापुरतं. आणि पसायदान आलं की त्या एका शब्दाला माझा आवाज दबायचा. लोकांना वाटायचं, बुवांना गहिवर आला. गहिवर कसला, चोराच्या मनात चांदणं!

आपल्यात म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी लहानपणी अंबाडीचे दोर वळलेत, म्हणून सांगतो. दोराला पीळ आपोआप पडत नाही. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं फिरवत राहायचं, तेव्हा पीळ बसतो. दोर जाळला तर राखेतसुद्धा पीळ दिसतो, हे खरं. पण दोर उलटा फिरवून बघितलाय का कुणी? ज्या हातानं पीळ घातला त्याच हातानं उलटं फिरवलं की तो सुटतो. जाळून जात नाही, उलगडून जातो. वैऱ्याला शिक्षा झाली म्हणून त्याचा वाकडेपणा जात नाही, आणि मी उपास केले, पारायणं केली म्हणून माझाही गेला नाही. जिथून धरला तिथंच जाऊन सोडावा लागतो.

चौथ्या वारीला मी ते किटकॅट पडशीत घालून पंढरपूरला नेलं. मनात होतं, चंद्रभागेत टाकावं आणि मोकळं व्हावं. वाळवंटात पहाटे स्नानाला उतरलो. हातात किटकॅट. टाकणार, तेवढ्यात मनात आलं, नदीत टाकल्यानं किटकॅट जाईल, पण वाकडेपणा कुठं जाईल? तो तर माझ्याबरोबर गावाला परत येईल. चुलतभाऊ बाजूलाच धोतर पिळत उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो आणि ते त्याच्या हातावर ठेवलं. तोंडातून शब्द निघाला नाही.

त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, नाहीतर पाण्यात फेकून देईल. तो म्हणाला, "दादा, मला त्याच रातीला कळलं व्हतं."

मी म्हटलं, "कसं?"

"चोर आला असता तर तिन्ही नेली असती, वायरबी नेली असती. एकच नेणारा घरचा असतो."

"मग तू नवं का आणलं नाहीस? दहा-पंधरा रुपयाची वस्तू."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेच सांगतो. मी म्हटलं, गहू वाळू दे. वाळला म्हंजे उद्या सगळ्या गावाला दाखवतो, बुवानं काय केलं ते. रोज बांधावर जाऊन बघत व्हतो, किती वाळला. लेकरांच्या तोंडचा घास व्हता, तरी बघत व्हतो. पण गावाला सांगायला तोंडच उघडंना. तुम्ही एकटेच वाकडे नव्हता दादा."

मायबाप, आम्ही दोघं त्या वाळूत बसलो आणि रडलो. तुमच्यापासून लपवत नाही. त्यानं आपलं पीक वाळवलं, मी माझं कीर्तन वाळवलं. दोघांनी आपापलं नाक कापलं, आणि अपशकुन कुणालाच झाला नाही. मग मी त्याला विचारलं, पत्रिकेत ती तीन अक्षरं का नव्हती? तो म्हणाला, "कोणती अक्षरं?" त्याला ठाऊकच नव्हतं. छापखान्यात कागद लिहून दिला होता त्याच्या मेव्हण्यानं.

आता तुम्ही म्हणाल, संतांचं काही सांगा बुवा, आपलंच काय सांगता. सांगतो.

माउलींनी हे दान कुठं मागितलं? नेवाशाला. शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय पुरा झाल्यावर, शेवटी. वय किती? मिसरूड फुटायचं. त्या वयाच्या पोराच्या पदरात काय काय पडलं होतं? संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलेलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत गेलेली. डूख धरायला एवढं कारण कुणापाशी असेल? माझ्यापाशी तर तीन अक्षरं होती. माउलींनाही राग आला नव्हता असं नाही. रागावून ताटी लावून आत बसले होते, आणि धाकट्या मुक्ताबाईनं ताटीचे अभंग म्हणून त्यांची समजूत काढली, हे आपण सगळे जाणतो. राग आला. पण तो धरून ठेवला नाही. ताटी उघडली. उघडल्यावर बाहेर आले ते जगासाठी मागणं मागायला.

आणि खळ म्हणावा असा माणूस आळंदीतच होता, विसोबा चाटी. या भावंडांवर त्याचा भारी डोळा. कथा अशी सांगतात की मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांडे भाजायला खापर पाहिजे. विसोबानं कुंभारांना ताकीद देऊन ठेवली, या पोरीला खापर द्यायचं नाही. बघा, त्याला काय मिळणार होतं? मांडे त्याला खायचे नव्हते, खापर त्याचं नव्हतं. नुसतं त्यांचं होऊ द्यायचं नाही. ही शुद्ध व्यंकटी. मुक्ताबाई रडत घरी आली. माउलींनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि मुक्ताबाईनं भावाच्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा लपून बघत होता. त्याचा पीळ तिथं उलटा फिरला. ज्यांना खापर मिळू दिलं नाही त्यांच्याच उष्ट्या मांड्यासाठी त्यानं हात पुढं केला.

पुढं तोच विसोबा खेचर झाला. आणि नामदेवरायांना गुरू कोण भेटले? औंढ्या नागनाथाच्या देवळात, हेच विसोबा खेचर. ध्यानात आलं का? माउलींनी त्या दिवशी, खळ नष्ट होवो, असं म्हटलं असतं तर नामदेवरायांना गुरू मिळाला नसता. माणूस राखला, वाकडेपणा सांडला, म्हणून संप्रदायाला एवढं लोणी मिळालं. पेंड टाकून द्यायची नसते ती यासाठी.

शंभर वर्षं आपली दिंडी चालली. या शंभर वर्षांत किती भावकीची भांडणं या ओळीतून चालत गेली असतील, कोण मोजणार? पुढं चालणारा मागच्याशी बोलत नसेल, तरी दोघांच्या टाळाचा ठेका एकच. आपल्या आधीच्यांनी पाया पडायची रीत घातली ती उगाच नाही. वाकडं असलेलं सरळ करायचं तर एकदा वाकावं लागतं. पण माझ्यासारखं वाकू नका, खिशात किटकॅट ठेवून. वाकायच्या आधी खिसा तपासा.

ज्याच्या खिशात काही असेल त्यानं एवढंच करावं. कुणाची वाट अडवली असेल, त्यानं उद्या सकाळी काटे बाजूला सारावेत. कुणाचा बांध कोरला असेल, त्यानं दोन पाट्या माती परत टाकावी. कुणाच्या सोयरिकीत काडी घातली असेल, त्यानं जाऊन खरं सांगावं. समोरचा काय म्हणेल याचा हिशोब करू नका. मी चार वर्षं तोच हिशोब करत होतो, आणि तिकडं तो माझी वाट बघत होता. सोडायला गेलात तर फार तर शिव्या बसतील. न सोडलं तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगितलं.

ते किटकॅट कुठंय म्हणता? आता त्या विहिरीवर नवीन तऱ्हेची पेटी आली, बटणाची. पण चुलतभावानं ते टाकून दिलं नाही. त्याच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर ते असतं. मी एकदा म्हटलं, देवापाशी ही काय वस्तू ठेवलीस? म्हणाला, "राहू द्या. दोघांचंबी हाय."

शेवटी स्मरणिकेच्या मंडळींना एक विनंती. हे भाषण छापाल तेव्हा माझ्या नावामागं ती तीन अक्षरं घालू नका. रुसून सांगत नाही, खरंच सांगतो. हरीची भक्ती परायण होऊन केली की नाही ते हरी ठरवील. तुम्ही नुसतं नाव छापा. आणि चुकून तेही राहून गेलं, तर कुणाच्या विहिरीवर जाणार नाही, एवढं माऊलीच्या साक्षीनं सांगतो.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

रामकृष्ण हरी.